मधल्या भोकाचं सर्टिफिकेट

मित्रांनो, मी एका जुन्या नळीचा तुकडा आहे. लांबीला हातभर, जाडीला तुमच्या अंगठ्याएवढा. अंगावर तीन भोकं आहेत आणि मनात राग आहे. भोकं मुद्दाम पाडलेली आहेत. राग आपोआप आलेला आहे.

शाळेच्या पुस्तकात तुम्ही जुनी छत्री, जुनी घंटा, म्हातारा घोडा अशा मंडळींची मनोगतं वाचली असतील. ती मंडळी फार सोशिक. डोळे पुसत बोलतात आणि शेवटच्या परिच्छेदात सगळ्यांना माफ करून मोकळी होतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मला डोळे नाहीत, आणि माफीचं अजून ठरायचं आहे.

वीज केंद्रात एक भलंमोठं आडवं पिंप असतं. बॉयलरकडे निघालेलं पाणी त्यात आधी तापवून घेतात. पिंपाच्या पोटात शेकडो नळ्या, केसांच्या आकड्यासारख्या वळवलेल्या. आतून पाणी धावतं, बाहेरून वाफ शेकते. पाण्याला दाब इतका, की केसाएवढी फट सापडली तरी ते करवतीसारखं बाहेर येतं. त्यातल्या एका नळीला एकतिसाव्या ओळीत आठवी जागा मिळाली. बसवताना ती लांब पडली, म्हणून तिचं शेपूट कापलं. ते शेपूट म्हणजे मी. उरलेला माझा भाऊ आत गेला आणि त्याचं नाव पडलं एकतीस-आठ. आम्ही एकाच भट्टीतले, एकाच अंगाचे. तो कामाला लागला, मला भोकं पाडायला पाठवलं. घरोघरी दोन भावांचं असंच होतं म्हणतात.

भोकं कशाला, ते सांगतो. नळ्या वर्षानुवर्षं झिजतात, आणि झीज असते बाहेरच्या अंगाला, जिथे कुणाचा डोळा पोचत नाही. म्हणून वर्षातून एकदा पिंप थंड करून उघडतात आणि प्रत्येक नळीच्या आतून तारेच्या टोकाला बांधलेलं एक बोटभर वेटोळं ओढून घेतात. त्याला म्हणतात प्रोब. त्यात वीज उलटसुलट धावते आणि त्यामुळे नळीच्या भिंतीत विजेचे बारीक भोवरे उठतात. भिंत धड असेल तर भोवरे शहाण्यासारखे गोल फिरतात. मध्ये खड्डा आला की त्यांना वळसा घालावा लागतो, वेटोळ्याला ते जाणवतं, आणि पडद्यावर एक आठाचा आकडा उमटतो. आठ किती तिरका पडला, त्यावरून खड्डा किती खोल ते कळतं.

पण किती तिरका म्हणजे किती खोल, हे ठरवायला कुणीतरी आधी खरं बोलणारं हवं. ते काम माझं. प्रोब आधी माझ्यातून जातो. माझं पहिलं भोक आरपार, म्हणजे शंभर टक्के. मधलं भिंतीच्या चाळीस टक्के. तिसरं वीस. ही तीन उत्तरं लक्षात ठेवून मग सगळ्या नळ्यांचा निकाल लावायचा. पन्नास टक्क्यांच्या वर झिजलेल्या नळीला दोन्ही तोंडांना बूच ठोकून कायमची बंद करायची. पन्नासच्या आत असेल तर चालू द्यायची. नळ्यांच्या जगात मी न्यायाधीश होतो. सगळे मला मास्टर म्हणत.

आता माझ्या जन्माच्या दिवशी काय झालं ते ऐका.

ठिणग्यांनी धातू कोरणारं एक यंत्र असतं. त्यावर एक कारागीर होता, त्याला सगळे ठिणगीवाला म्हणत. अबोल माणूस, हात चांगला. त्याचं यंत्र मात्र जुनं. यंत्राला कोरायचं कळत होतं, थांबायचं कळत नव्हतं. थांबवायला शेजारी माणूस उभा लागे. ठिणगीवाल्याने पहिलं भोक केलं, नीट झालं. तिसरं केलं, तेही नीट झालं. मधलं सुरू केलं, आणि तेवढ्यात ऑफिसातला कारकून दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, गाडी निघतेय, आधी सही करून जा.

सही कशावर? माझ्या सर्टिफिकेटवर. ते दोन दिवस आधीच टाईप झालं होतं. ड्रॉइंगवर शंभर, चाळीस, वीस लिहिलं होतं, म्हणून सर्टिफिकेटवरही शंभर, चाळीस, वीस. खाली चार तारीख. ठिणगीवाला ऑफिसात गेला, मधलं भोक चाळीस टक्के खोल आहे असं त्याने सही करून दिलं, आणि तो ते लिहून देत असताना इकडे मधलं भोक अठ्ठावन्न टक्के झालं.

मित्रांनो, हे मी कल्पनेने रंगवून सांगत नाही. माझ्याच अंगावर ते चाललं होतं.

तो परत आला, यंत्र बंद केलं, वाकून पाहिलं आणि तसाच ऑफिसात गेला. मधलं खोल गेलं, म्हणाला, कागद बदला. कारकुनाने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं काही त्याने सूर्य बदलायला सांगितलाय.

"आता कसा बदलू?" कारकून म्हणाला. "लॅमिनेशन झालं."

हे कारण ठिणगीवाल्याला पटलं नाही, पण त्याच्यापुढे दुसरा इलाजही नव्हता. लॅमिनेट केलेल्या कागदावर खाडाखोड होत नाही. धातूवर होते, पण ती उलट्या बाजूने. कमी झालेला धातू परत लावता येत नाही. तो यंत्रापाशी आला, कोरायची पेन्सिल घेतली आणि माझ्या टोकाला बारीक आकड्यांत तारीख कोरली. सहा. खरी तारीख. "एवढं तरी," तो पुटपुटला. मग मला स्पंजच्या गादीवर निजवलं, पेटीचं झाकण लावलं आणि वर तो चकचकीत कागद ठेवला.

त्यानंतर अकरा वर्षं त्या कागदाने माझी बाजू मांडली आणि मला कुणी काही विचारलं नाही.

कौतुक म्हणाल तर भरपूर झालं. तपासणीचा पहिला दिवस माझा असे. पेटी दोन्ही हातांनी उचलून आणत. टेबल पुसून घेत. प्रोब माझ्यातून गेला की पडद्यावर तीन आठ उमटत, आणि त्या तीन ठिपक्यांतून जाणारी एक रेषा साहेब काढत. साहेब म्हणजे तपासणी विभागाचे प्रमुख. इस्त्रीचा शर्ट, खिशाला चार पेनं, आणि चारही चालणारी. त्या रेषेला मध्येच पोक येई. सरळ उतरणारी बाई रस्त्यात वाकून काहीतरी उचलतेय असं ते दिसे. पहिल्या वर्षी एकाने विचारलं, हे असं का? साहेब म्हणाले, या धातूचा स्वभावच तसा आहे. दुसऱ्या वर्षापासून नव्या माणसांना शिकवतानाच सांगू लागले, की या धातूला मध्ये पोक येतो. पाचव्या वर्षी त्याची टिपणं निघाली. माझ्या अंगातली एक चूक, तिचा यांनी धडा केला आणि परीक्षेला ठेवला.

परिणाम साधा होता. ज्या नळीची भिंत अठ्ठावन्न टक्के गेली आहे, तिचा आठ माझ्या मधल्या आठासारखा दिसे. माझं मधलं म्हणजे चाळीस. म्हणजे ती नळी चाळीस. म्हणजे चालेल. लिहा, पुढची.

अकरा वर्षांत दोन नळ्या चालता चालता फुटल्या. दोन्ही माझ्या मते चाळीसच्या आसपास होत्या. पहिल्या वेळी पाण्यात दोष निघाला. तो पाण्यात नव्हता, पण कुठेतरी निघायला हवा होता, म्हणून पाणी तपासणाऱ्या बाईंची बदली झाली. दुसऱ्या वेळी पिंपाजवळ बूचकाका उभे होते.

बूचकाका म्हणजे फिटर. नळ्यांना बुचं ठोकण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, म्हणून हे नाव. उघडलेल्या पिंपाच्या गोल तोंडातून ते आत शिरत, गुडघ्यांवर बसून हातोडीने बूच बसवत, आणि बसलं की नाही ते आवाजावरून सांगत. पिंप पुन्हा सुरू करताना शेजारी उभं राहून गळती पाहायची जबाबदारीही त्यांचीच. दुसरी नळी फुटली तेव्हा उकळतं पाणी पिंपाची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळकांड्यातून उसळून त्यांच्या डाव्या हातावर आलं. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी आजही ताणलेली, चकाकणारी आहे. घरी त्यांच्या बायकोने विचारलं, कशाने झालं? ते म्हणाले, धातूचा स्वभाव. साहेबांनी त्यांना तेच सांगितलं होतं.

मी पेटीत पडून होतो. मला तोंडं दोन आहेत, पण बोलता एकातूनही येत नाही. राग म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं.

मग त्रिकोणी आली.

ती कॉम्प्युटरवर मॉडेल करायला नेमलेली इंजिनिअर. प्रत्येक वस्तूचे कॉम्प्युटरमध्ये लाखो त्रिकोण करून त्यांवर गणित मांडायची, म्हणून बूचकाकांनी तिचं नाव त्रिकोणी ठेवलं. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, नखं खाणारी, कुणाशी भांडताना आवाज आणखी खाली नेणारी. तिचं काम असं, की नळी, खड्डा आणि प्रोब हे सगळं कॉम्प्युटरमध्येच उभं करायचं, आणि भोवरे कसे वळतील, आठ किती तिरका येईल, ते नळीला हात न लावता गणिताने काढायचं. ते जमलं की हव्या त्या आकाराचे खड्डे पडद्यावरच पाडून पाहता येतात. नळ्यांचे तुकडे छळावे लागत नाहीत. माझ्या जातीवर इतके उपकार करायला आजवर कुणी आलं नव्हतं.

तिने माझा व्यास मोजला. टोकाशी भिंतीची जाडी मोजली, बरोबर दोन मिलीमीटर. धातूतून वीज किती सहज जाते ते मोजलं. मला वाटलं, आता मोजेल. आता भोक मोजेल. तिने सर्टिफिकेट उचललं आणि भोकांचे आकडे त्यातून उतरवून घेतले.

मला तिचाही राग आला. सगळ्यांत जास्त तिचाच आला.

पडद्यावर माझं दुसरं रूप तयार झालं, सगळं त्रिकोणांचं. गोल अंगाच्या माणसाला स्वतःला असं पाहणं झेपत नाही. गणित सुटलं. आरपार भोक, बरोबर जुळलं. वीस टक्के, केसाचा फरक नाही. मधलं जुळेना. गणित म्हणे आठ इतका तिरका हवा, माझा आठ पडे भलतीकडेच. तिने त्रिकोण दुप्पट केले. जुळेना. चौपट केले. जुळेना. कॉम्प्युटर असा गरम झाला की शेजारच्या माणसाने त्यावर डबा ठेवायला सुरुवात केली. तीन आठवडे तिने सगळं बदलून पाहिलं. प्रोब बदलला, धातू बदलला, हवेलासुद्धा दोष देऊन पाहिला. एक गोष्ट सोडून. मधल्या भोकाची खोली. कारण ती सर्टिफिकेटवर होती.

साहेबांनी उपाय सांगितला. मॉडेलमध्ये मधल्या भागाला एक गुणक लाव, म्हणजे पोक येईल. सगळी दुनिया लावते. पिंप गुरुवारी सुरू व्हायचं आहे, त्याआधी अहवालात दोन्ही रेषा एकावर एक दिसल्या पाहिजेत.

सोमवारी दुपारी तिने वैतागून, जेवता जेवता, एका हाताने, पडद्यावरच्या मधल्या भोकाची खोली वाढवत नेली. पंचेचाळीस. पन्नास. पंचावन्न. अठ्ठावन्नला गणिताचा आठ माझ्या आठावर असा जाऊन बसला, की दोन आहेत हे सांगूनही पटलं नसतं. आणि पोक गेला. रेषा सरळ उतरली. अकरा वर्षांचा धातूचा स्वभाव एका सेकंदात सुधारला.

तिचा घास हातातच राहिला. मग तिने ती नवी रेषा घेऊन यंदाच्या तपासणीतल्या सगळ्या नळ्या पुन्हा वाचल्या. चालेल म्हणून सोडलेल्यांपैकी तेवीस नळ्या पन्नासच्या वर निघाल्या. सर्वांत वर एकतीस-आठ. माझा भाऊ. बासष्ट टक्के.

ती साहेबांकडे गेली. मला बरोबर नेलं होतं, म्हणून सगळं ऐकलं. साहेबांनी तिचं पूर्ण ऐकून घेतलं आणि चष्मा काढून पुसला.

"म्हणजे कॉम्प्युटर म्हणतो मास्टर चुकला," साहेब म्हणाले. "उद्या कॅलेंडर म्हणेल सूर्य उशिरा आला."

"मग मोजून बघू ना, सर. मास्टरच मोजू."

"मॅडम, मास्टर मोजत नाहीत. मास्टरने मोजतात."

ती मोजमाप विभागात गेली. तिथल्या माणसाने मला उलटंपालटं केलं. भोक तीन मिलीमीटरचं, गोल अंगावर. आमचं यंत्र त्यावर डुगडुगतं, म्हणाला. बाहेर पाठवू, तीन आठवडे लागतील. आणि अर्जावर साहेबांची सही लागेल.

मंगळवारी संध्याकाळी त्रिकोणीने मला रुमालात गुंडाळलं आणि आपल्या मावशीकडे नेलं. मावशी दातांची डॉक्टर. दवाखाना बंद व्हायची वेळ. मावशीने हातमोजे काढता काढता विचारलं, पेशंट कुठाय? त्रिकोणीने मला खुर्चीवर ठेवलं. ती खुर्ची मागे कलते, वर दिवा येतो. माझ्यावर आजवर इतका उजेड कुणी पाडला नव्हता.

"वय?" मावशी म्हणाली.

"अकरा."

"दुधाचेच म्हणायचे." मावशी वाकली आणि बारीक आरशाने मधल्या भोकात पाहिलं. मग चेहऱ्यावरची गंमत कमी झाली. "हे चाळीस टक्के? अगं, असा दात माझ्याकडे असता तर मी आजच मुळापर्यंत गेले असते. चाळीस कुणी सांगितलं?"

"सर्टिफिकेटवर आहे."

"त्यांनी तोंडात पाहिलं होतं?"

"बहुतेक ड्रॉइंगमध्ये पाहिलं."

दाताचा साचा घ्यायची गुलाबी पेस्ट असते. ओठाखाली लपलेली रेघसुद्धा ती पकडते. मावशीने ती माझ्या मधल्या भोकात दाबून भरली आणि सवयीने म्हणाली, हलू नका. मी हललो नाही. पाच मिनिटांनी तिने चिमट्याने ओढलं आणि माझ्या पोकळीचा एक इवलासा गुलाबी ठसा बाहेर आला. अकरा वर्षं माझ्यात जे नव्हतं, ते पहिल्यांदा कुणाच्या तळहातावर दिसत होतं.

ठसा पुरता कडक होईपर्यंत मावशी रिकामी बसली होती. डॉक्टरांना रिकामं बसल्यावर कागद वाचायची सवय असते. तिने सर्टिफिकेट वाचलं, मग मला उचलून टोकाकडचं बारीक कोरलेलं वाचलं. परत सर्टिफिकेट वाचलं.

"याचा जन्म सहा तारखेचा," ती म्हणाली. "आणि दाखला चार तारखेचा. याला जन्माआधीच दाखला दिलाय गं."

अकरा वर्षं दोन्ही तारखा एकाच पेटीत होत्या. शेकडो जणांनी दोन्ही वाचल्या होत्या, नोंदवहीत उतरवल्याही होत्या. शेजारी शेजारी. त्यांतली एकही लपवलेली नव्हती, आणि हेच मला सहन होत नाही.

बुधवारी सकाळी कार्यशाळेतल्या, वस्तूची सावली मोठी करून दाखवणाऱ्या यंत्रावर तिने तो गुलाबी ठसा मोजला. एक पूर्णांक सोळा मिलीमीटर. भिंत दोनची. अठ्ठावन्न टक्के. चाळीस आणि अठ्ठावन्नमधला फरक एका व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढा.

साहेबांच्या टेबलावर तिने तीन गोष्टी ठेवल्या. मला, कागद आणि ठसा. साहेबांनी दोन्ही तारखा पाहिल्या. बराच वेळ पाहिल्या. मग जे म्हणाले, त्यासाठी मी तयार नव्हतो.

"अकरा वर्षांच्या अहवालांवर माझी सही आहे," ते म्हणाले. "मी आज हे मान्य केलं तर त्यातली एकही उरत नाही."

"उद्या पिंपाजवळ काका उभे राहणार आहेत, सर."

साहेबांनी चारपैकी एक पेन काढलं, झाकण उघडलं, लावलं, परत खिशात ठेवलं. पिंप गुरुवारी सुरू होईल, म्हणाले. मास्टरचं नंतर पाहू. नियमाने.

मित्रांनो, राक्षसाचा राग करणं सोपं असतं. हा माणूस राक्षस नव्हता. त्याला दिसत होतं. त्याने पाहून झाकण लावलं.

दुपारी पिंपाच्या उघड्या तोंडाशी, स्टुलावर, मी पेटीत होतो. शेवटची फेरतपासणी चालू होती आणि दर चार तासांनी प्रोब माझ्यातून न्यायचा नियम होता. नियमात मी अजून मास्टरच होतो. बूचकाका तोंड बंद करायचे बोल्ट पुसत बसले होते. त्रिकोणी त्यांच्याशेजारी फरशीवर बसली आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. भोक, कागद, तारखा, दोन फुटलेल्या नळ्या. काकांनी मला पेटीतून उचललं. डाव्या हातात धरलं. ती चकाकणारी कातडी माझ्यापासून चार बोटांवर होती.

"म्हणजे हा तू," ते मला म्हणाले.

मला वाटलं, आता फेकणार. फेकायलाच हवं होतं.

त्यांनी मला फिरवून पाहिलं आणि मांडीवर ठेवलं. "याचं काय चुकलं? याला विचारलं कुणी?" मग तिच्याकडे वळले. "पोरी, मला कागद नको दाखवू. नंबर सांग."

"ऑर्डर नाही, काका. ऑर्डरशिवाय बूच मारलं तर—"

"मारणार कोण आहे? माझं वय झालं. हात घसरतो."

ती नंबर वाचत गेली. पहिलाच एकतीस-आठ. काका गोल तोंडातून आत शिरले. हातोडीचे घाव आले, आधी भरड, मग घट्ट, मग तो आवाज, जो आला की बूच बसलं. एका तोंडाला. मग दुसऱ्या तोंडाला. माझा भाऊ बंद झाला. अकरा वर्षं त्याच्यातून धावणारं पाणी आता दुसऱ्या नळ्यांत जाणार होतं. आतून काकांचा आवाज आला, "पुढचा?"

चार तास लागले. तेवीस नळ्या, प्रत्येकीला दोन तोंडं.

गुरुवारी पिंप सुरू झालं. बूचकाका शेजारी उभे होते, डावा हात खिशात घालून. पाणी चढलं, वाफ आली, काट्याने आपली जागा घेतली. काही झालं नाही.

आणि इथेच माझा राग पुन्हा पेटतो. काही झालं नाही, याचं सर्टिफिकेट निघत नाही. फुटलेली नळी पुरावा असते. न फुटलेली नळी कुणाचंच म्हणणं सिद्ध करत नाही. बूचकाकांना विनापरवाना बुचं ठोकल्याबद्दल खुलासा विचारला गेला. त्यांनी एका ओळीत लिहून दिलं: काम करताना हात घसरला, एकूण सेहेचाळीस वेळा. चौकशी समितीने तो कागद फिरवून फिरवून वाचला. एकाने विचारलं, सेहेचाळीस वेळा? काका म्हणाले, धातूचा स्वभाव. साहेब समितीत बसले होते. त्यांनी मान खाली घातली आणि त्या खुलाशावर सही केली, मान्य म्हणून. त्यांच्या अकरा वर्षांतली ती एक सही मला पटते. तरी काकांच्या नोंदीत ताकीद लागलीच.

त्रिकोणीचा अहवाल "पुढील अभ्यासासाठी" ठेवला गेला. आणि मला लाल रंग लागला. लाल म्हणजे बाद. मी खोटा होतो तोवर माझ्यासाठी टेबल पुसत होते. माझं खरं माप कळलं, आणि मी बाद झालो. अठ्ठावन्न लिहा आणि वापरा, एवढंच करायचं होतं. पण त्यासाठी लॅमिनेशन फोडावं लागलं असतं.

नवा मास्टर मागवला. मागणीपत्रावर साहेबांनी स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली: "भोकं प्रत्यक्ष मोजून पाठवावीत." महिन्याभराने पेटी आली. नवा तुकडा, तीन भोकं, चकचकीत कागद. कागदावर प्रत्येक आकड्यापुढे छापलं होतं: प्रत्यक्ष मोजून. त्रिकोणीने तुकडा उजेडात धरला आणि टोकाकडची तारीख वाचली. एकोणीस. कागदाची तारीख सतरा.

यावेळी त्यांनी मोजमापसुद्धा आधीच उरकून घेतलं होतं.

तिने ड्रॉवर उघडला आणि मावशीकडून आणलेली गुलाबी पेस्ट बाहेर काढली. आता तिथे ती कायम असते, स्टेपलरच्या शेजारी.

मी हल्ली तिच्या खोलीचं दार अडवून धरतो. काम हलकं आहे, वारा बरा असतो. बूचकाका जाता-येता मला बुटाने हलकेच ढकलतात आणि विचारतात, काय, किती टक्के? एकदा ते तिथेच उकिडवे बसले, खिशातून खिळा काढला आणि माझ्या लाल रंगावर, बरोबर मधल्या भोकाशेजारी, डाव्या हाताने दोन आकडे कोरले. ५८. वाकडे आले. हात ताणलेला आहे ना.

माझ्या अंगावर आता दोन खऱ्या गोष्टी कोरलेल्या आहेत. एक ठिणगीवाल्याची तारीख, दुसरा काकांचा आकडा. दोन्ही सहीशिवाय.

तर मित्रांनो, तुमच्याही हातात कधीतरी अशी एखादी वस्तू येईल, सोबत चकचकीत कागद असेल आणि सगळे म्हणतील, कागदावर आहे. तेव्हा कागद बाजूला ठेवा आणि वस्तू उजेडात धरा. तिला स्वतःहून बोलता येत नाही. अकरा वर्षं वाट पाहिली तरी येत नाही. आणि माफीचं विचाराल, तर ज्याने मला पहिल्यांदा मांडीवर घेतलं त्याने मला केव्हाच माफ केलं. माझं अजून ठरायचं आहे. मी दारात आहे. येता-जाता आकडा वाचत जा.